रोमच्या आधीचं डब्लिन

या आठवड्यात रोमला पोचायचं, असं मागच्या लेखांकाच्या शेवटी कबूल केलं होतं. रोम आता एक आठवडा पुढे गेलं आहे, आणि त्याला कारण पुण्याहून आलेलं एक पत्र.

पत्र लिहिणाऱ्या बाई तरुणपणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी जर्मन शिकायला जात. ऑफिस सुटलं की सायकल फर्ग्युसन रस्त्याकडे वळायची. वर्गात बँकेतले कारकून होते, कारखान्यातले इंजिनिअर होते, एक निवृत्त मास्तर होते. त्यातले दोघंतिघंच प्रत्यक्ष जर्मनीला गेले, पण उरलेले आजही एकमेकांच्या घरच्या लग्नामुंजींना हजर असतात. मागच्या लेखांकातल्या, पोर्तोफिनोच्या किल्ल्यावर एप्रिल घालवणाऱ्या चौघींबद्दल वाचून बाई विचारतात : माणसं परक्या शहरात गेल्यावर एकमेकांत गुंततात, की जायच्या तयारीतच गुंतलेली असतात?

ज्या कादंबरीसाठी रोमला जायचं होतं, तिनेच या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मेव्ह बिंची यांची ‘ईव्हनिंग क्लास’ १९९६ साली आली. डब्लिनच्या एका शाळेत रात्रीचा इटालियनचा वर्ग भरतो, त्यात एकमेकांना न ओळखणारी माणसं येतात आणि शेवटी सगळी मिळून रोमला जातात. गोष्ट सांगताना कुणीही रोमवरच भर देतो, कारण प्रेमकथेला रोम शोभून दिसतं. पण पुस्तकात एकूण नऊ प्रकरणं आहेत आणि त्यांपैकी आठांना माणसांची नावं आहेत : एडन, सिन्योरा, बिल, कॅथी, लू, कॉनी, लॅडी, फिओना. नवव्याचं नाव ‘वियाज्जो’, म्हणजे प्रवास. ही आठ प्रकरणं म्हणजे डब्लिन. रोमच्या वाट्याला एकच प्रकरण आलं आहे. पर्यटनाच्या जाहिरातीला हे गणित पटणार नाही, पण कादंबरी उभी राहिली आहे ती याच गणितावर.

एडन डन हा माउंटनव्ह्यू नावाच्या शाळेतला लॅटिनचा शिक्षक. मुख्याध्यापकाची जागा आपल्यालाच मिळणार, असं तो वर्षानुवर्षं धरून चाललेला असतो. जागा मिळते टोनी ओब्रायनला, आणि या टोनीचे एडनच्या मुलीशी, ग्रानियाशी, संबंध आहेत हे एडनच्या गावीही नसतं. टोनीला हे सगळं ठाऊक असतं आणि ते त्याला बोचतही असतं. तो एडनकडे संध्याकाळच्या वर्गाची कल्पना सोपवतो. एडनला इटलीचं वेड आहे. स्वतःच्या घरात आपली म्हणून एक खोली असावी, ती इटलीच्या रंगांत रंगवावी, तिथे आपली पुस्तकं असावीत, एवढीच त्याची हौस. बायको नेल आणि तो एकाच छपराखाली राहतात, पण त्यांचं बोलणं केव्हाच आटलेलं आहे.

वर्गाला शिकवायला येते सिन्योरा. तिचं खरं नाव नोरा ओडोनोह्यू. मारिओ नावाच्या माणसाच्या प्रेमापोटी ती सिसिलीतल्या अन्नुन्त्सियाता गावात गेली आणि २६ वर्षं राहिली. मारिओने लग्न केलं गाव ठरवेल त्या मुलीशी, गाब्रिएलाशी. नोरा मात्र तिथेच राहिली. भरतकाम करून ती पोट भरायची आणि कुणाला काही न दाखवता जगायची. अपघातात मारिओ गेला, तेव्हा आता तिने आपल्या देशी परत जावं असं त्याच्या माणसांनी सुचवलं. डब्लिनला आल्यावर आईवडिलांना वाटलं, चला, म्हातारपणी सेवेला मुलगी आली. तिने ते नाकारलं आणि सलिव्हन नावाच्या कुटुंबात एक खोली भाड्याने घेतली. प्रेमकादंबऱ्यांत प्रेमासाठी सगळं सोडून जाणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. परतल्यावर आपल्या आयुष्याची दोन तपं वाया गेली असं न मानणारी, त्या वर्षांतून जे कमावलं ते चार लोकांना वाटायला निघालेली सिन्योरासारखी बाई क्वचितच भेटते. बिंची यांच्या साऱ्या पुस्तकांत तिच्या तोडीचं पात्र दुसरं नाही.

आणि ती शिकवते कशी! पहिल्याच दिवसापासून ती प्रत्येकाला इटालियन नाव देते. बँकेतला बिल होतो गुल्येल्मो, कॅथी होते कातेरिना, बॅरी होतो बार्तोलोमेओ, हॉटेलात हमाली करणारा भाबडा लॅडी होतो लोरेन्झो. नवं नाव घेऊन तोडकंमोडकं बोलताना माणूस मूल होतो; चुकतो, हसतो, पुन्हा बोलतो. ज्याला मातृभाषेत शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचा संकोच, तो परक्या भाषेत त्याच शेजाऱ्याला तुझं घर कुठे आहे, तुला भूक लागली आहे का, तुला काय दुखतंय, हे सगळं विचारून मोकळा होतो, कारण धड्यात ती वाक्यंच असतात. भाषेच्या प्राथमिक पुस्तकात जे प्रश्न असतात ते खरं तर फार जवळिकीचे प्रश्न असतात. रानडेमधला तो वर्ग एकमेकांच्या घरच्या कार्यांना का जातो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

लूची गोष्ट या दृष्टीने पुस्तकातली सगळ्यात पक्की. लू काही इटलीच्या ओढीने आलेला नाही. रॉबिन नावाच्या गुन्हेगाराला बेकायदा माल दडवायला कुणाला संशय न येणारी जागा हवी असते, आणि रात्रीचा वर्ग भरणाऱ्या शाळेपेक्षा निर्धोक जागा कुठली? वर्ग चालू राहिला पाहिजे म्हणून लू नाव घालतो. पण सिन्योरासाठी तो लुईजी आहे, आणि तिचा लुईजीवर विश्वास आहे. हळूहळू लूलाही वर्ग आवडू लागतो. लेखिका त्याला उपदेश करत नाहीत, शिक्षाही करत नाहीत. दोन नावांच्या मधली त्याची ओढाताण दाखवतात, बस्स.

लॅडीला इटालियन शिकायचं कारण आणखी साधं. हॉटेलात उतरलेल्या एका इटालियन पाहुण्याचे हरवलेले पैसे त्याने शोधून परत केले. पाहुणा जाताना म्हणाला, रोमला ये. असं म्हणायची रीत असते, हे लॅडीला कुणी शिकवलेलंच नाही. तो खरंच जायला निघतो.

आता पुढचा मुद्दा थोडा आडवाटेचा आहे, पण तो टाळून ही कादंबरी कळत नाही. या माणसांना डब्लिनमध्येच मोकळेपणी का जगता येत नाही? त्यासाठी आयर्लंडचा कायदा पाहायला हवा. १९३७ च्या राज्यघटनेने तिथे घटस्फोटाला बंदीच घातली होती. १९८६ मध्ये ती उठवण्यासाठी सार्वमत घेतलं, तेव्हा लोकांनी मोठ्या फरकाने नकार दिला. २४ नोव्हेंबर १९९५ ला पुन्हा सार्वमत झालं आणि या वेळी होकार जिंकला, पण केवढ्याने? ५०.२८ टक्के विरुद्ध ४९.७२. साऱ्या देशात मिळून जेमतेम नऊ हजार मतांचा फरक! कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १९९७ उजाडलं. ‘ईव्हनिंग क्लास’ प्रसिद्ध झाली ती नेमकी या दोन तारखांच्या मधल्या वर्षात. एडन आणि नेल यांचं संपलेलं पण मोडता न येणारं लग्न वाचताना त्या वेळच्या आयरिश वाचकाला सार्वमताच्या प्रचाराचे फलक आठवत असणार.

कॅथीचं प्रकरण त्याहून आतलं. तिची मोठी बहीण फ्रॅन ही खरं तर तिची आई. लग्नाआधी झालेलं मूल आजीच्या नावावर वाढवायचं, ही आयरिश घरांतली जुनी रीत होती. विवाहबाह्य मूल म्हणून कायद्यात असलेला भेद १९८७ साली काढला गेला, पण घराघरांतली गुपितं कायद्याने थोडीच सुटतात? बिंची या विषयावर निबंध लिहीत नाहीत. फ्रॅन आणि कॅथीला त्या एकाच बाकावर इटालियन शिकायला बसवतात.

आणि इटलीचं काय? तिथे डिसेंबर १९७० मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. तो रद्द करावा म्हणून १९७४ मध्ये सार्वमत झालं, तेव्हा सुमारे ५९ टक्के लोकांनी कायदा ठेवला. म्हणजे सिन्योरा अन्नुन्त्सियातात असताना मारिओला कायद्याची वाट खुली झाली होती. आडवं आलं ते गाव, आडवी आली दोन घरांची सोयरीक. परकं शहर माणसाला मोकळं करतं हे परक्या शहरांत घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांचं लाडकं गृहीतक, आणि बिंची यांनी ते दुसऱ्याच प्रकरणात तपासून पाहिलं आहे. पाहुण्याला जी इटली मोकळी वाटते, ती तिथे नांदणाऱ्याला तेवढी मोकळी नसते.

माणसांची नावं प्रकरणांना द्यायची आणि प्रत्येकाच्या दारातून तीच गोष्ट पुन्हा पाहायची, ही पद्धत बिंची यांना एका रात्रीत सापडलेली नाही. त्यांचा जन्म डब्लिनजवळच्या डॉकीचा. आधी त्या शिक्षिका होत्या. १९६३ मध्ये इस्रायलच्या एका किबुत्समध्ये, म्हणजे सामूहिक शेतवस्तीत, राहायला गेल्या असताना त्यांनी घरी पाठवलेली पत्रं वडिलांनी परस्पर वर्तमानपत्राकडे धाडली, आणि मुलगी पत्रकार झाली. पुढे ‘आयरिश टाइम्स’साठी लंडनमध्ये असताना त्यांनी भुयारी रेल्वेवर कथा लिहिल्या. ‘सेंट्रल लाइन’ १९७८ चं, त्यानंतर ‘व्हिक्टोरिया लाइन’. कथांची नावं म्हणजे स्टेशनांची नावं. एका गाडीत बसलेले, एकमेकांकडे न पाहणारे लोक. प्रत्येक स्टेशनावर एक आयुष्य उतरतं.

१९८४ च्या ‘द लायलॅक बस’मध्ये स्टेशनांच्या जागी माणसं आली. दर शुक्रवारी संध्याकाळी डब्लिनहून रॅथडून गावाला निघणारी एक छोटी बस, तिच्यात सात प्रवासी आणि एक चालक, आणि प्रत्येकाच्या नावाचं एक प्रकरण. मग १९९२ चं ‘द कॉपर बीच’. त्यात शाळेच्या आवारातल्या झाडावर मुलांनी आपापली नावं कोरलेली आहेत. गाडी, बस, झाड आणि मग वर्ग. ‘ईव्हनिंग क्लास’मधली कारागिरी इतकी सहज वाटते त्यामागे ही अठरा वर्षांची मेहनत आहे. आधीच्या चारही पुस्तकांत माणसं निव्वळ शेजारी बसलेली होती. वर्गात त्यांना पहिल्यांदाच एकमेकांशी बोलावं लागलं, आणि गाठी तिथे पडल्या.

या कादंबरीच्या नशिबी एक विचित्र योगही आला. २००० साली डेन्मार्कमध्ये लोने शेर्फिग या दिग्दर्शिकेचा ‘इटालियन फॉर बिगिनर्स’ हा चित्रपट आला. कोपनहेगनच्या उपनगरात संध्याकाळचा इटालियनचा वर्ग, एकटी पडलेली माणसं, आणि शेवटी सगळ्यांची इटलीची सहल. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याने रौप्य अस्वल मिळवलं. चित्रपट ‘डॉग्मा ९५’ या चळवळीतला : हातात धरलेला कॅमेरा, कृत्रिम प्रकाशयोजना वर्ज्य, दिग्दर्शकाचं नावही श्रेयनामावलीत द्यायचं नाही. बिंची यांचंही नाव त्यात नव्हतं. चित्रपटाचा बराच भाग त्यांच्या कादंबरीवर आधारलेला असल्याचं आणि निर्मात्यांनी त्यांना भरपाई दिल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. चित्रपट सुंदर आहे, यात वाद नाही. मूळ लेखिकेचं नाव पहिल्या दिवसापासून पडद्यावर असायला हवं होतं, यातही वाद नसावा. पत्रलेखिकेच्या प्रश्नासाठी मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट मोलाची आहे. शेर्फिग यांची माणसं व्हेनिसला पोचतात तीसुद्धा अगदी अखेरीला. भाषा बदलली, देश बदलला, शहर बदललं, तरी परक्या शहराचा वाटा तेवढाच छोटा राहिला.

जाता जाता आजच्या पुण्याबद्दल. जर्मनीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं राहायला जायचं, तर जर्मन भाषेची ‘ए-वन’ ही पहिली पायरी पार केल्याचा दाखला २००७ पासून मागितला जातो. काही अपवाद आहेत, पण नियम हा. त्यामुळे पुण्यामुंबईच्या जर्मनच्या वर्गांत आजही नव्यानं लग्न झालेल्या मुली असतात. नवरा तिकडे, आपण इकडे, आणि मधे क्रियापदांचे तक्ते. शेजारच्या बाकावर एखादा नर्सिंगचा विद्यार्थी असतो, मुलाकडे निघालेले साठीचे गृहस्थ असतात. मराठी कादंबरीकारांसाठी हा वर्ग केव्हापासून भरून तयार आहे.

तेव्हा पत्रलेखिकेला उत्तर : बिंची यांच्या लेखी माणसं तयारीतच गुंतलेली असतात. रोम येतं तोवर कुणाचं मन कुणाकडे ओढ घेतंय, कुणाला कुणाची भीती आहे, हे सगळं ठरून गेलेलं असतं. तरीही लेखिकेने त्यांना डब्लिनमध्येच का ठेवलं नाही, विमानात का बसवलं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर रोमच्या रस्त्यांत आहे आणि ते पुढच्या आठवड्यात. लॅडीला बोलावणारा तो पाहुणा खरोखर कोण निघतो, हेही तेव्हाच.

पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून मिळतं. ज्यांना मिळेल त्यांनी शेवटचं ‘वियाज्जो’ प्रकरण तेवढं वाचून यावं. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी रोमचा एखादा नकाशा हाताशी ठेवावा. बरंच चालायचं आहे.