पडद्यावरचे अक्षर कोणाचे?

कळ दाबली की अक्षर उमटते, यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. टाइपरायटरवर बोट आपटले की कागदावर अक्षर, तसेच हे! पण वाचकहो, मोठ्या संगणकाला तारेने जोडलेल्या टर्मिनलची गोष्ट बहुधा निराळी असे. तिथे 5 हा आकडा दाबला की तो आधी तारेतून संगणकाकडे जाई. संगणक तो वाची आणि तोच आकडा माघारी धाडी. मग कुठे तो पडद्यावर दिसे. म्हणजे दिसे ते आपण लिहिलेले नव्हे, तर पलीकडे पोचलेले! याला 'एको' म्हणतात. आपल्या भाषेत पडसाद.

बँकेत आम्ही फोनवरून रक्कम सांगत असू, तेव्हा पलीकडचा कारकून ती मोठ्याने परत म्हणे. एकोणसाठ की एकोणसत्तर, याचा निकाल तिथल्या तिथे लागे. टर्मिनलचा पडसादही हेच काम करी. तारेत खरखर होऊन आकडा बदलला, तर बदललेलाच आकडा परत येई आणि चूक नजरेस पडे.

काही टर्मिनले मात्र अक्षर स्वतःच उमटवीत. दोन्ही बाजूंनी उत्साह दाखवला, तर 59 चे 5599 होत! उलट परवलीचा शब्द टंकताना संगणक मुद्दाम गप्प बसतो. शब्द पोचतो, पडसाद तेवढा येत नाही. मागे उभ्या माणसाला काही दिसू नये म्हणून.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे अंतर. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचावर असतो. त्याच्यामार्फत अक्षर जाऊन परत यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. बोटे पुढे, पडदा मागे. आयबीएमने 1971 साली आणलेल्या 3270 टर्मिनलात अख्खा तक्ता जागेवरच भरून एकदम पाठवता येई. 2012 साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी मांडलेला 'मोश' हा प्रोग्रॅम अक्षर अंदाजाने लगेच दाखवतो. पण जोडणी संथ असेल, तर दुजोरा येईपर्यंत त्याखाली रेघ ओढून ठेवतो.

मला ती रेघ फार आवडते. मोबाइलवर पैसे पाठवताना आपण आकडा टंकतो, तो आपलाच फोन दाखवतो. पलीकडे काय पोचले, हे पावती आल्यावरच कळते. तेवढा क्षण थांबावे. सांगणे निराळे, पोचणे निराळे.