नंदादीपाची राखण

आश्विन शुद्ध प्रतिपदेस तुळजापुरी श्रीभवानीची घटस्थापना होते, आणि त्याच दिवशी आपल्या धाराशिव, सोलापूर, लातूर भागात घरोघरी घटाशेजारी अखंड नंदादीप प्रज्वलित होतो. या दिवसांत गावोगावचे तरुण आईच्या दारातून पेटती ज्योत घेऊन पायी निघतात. ती ज्योत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. तिच्यापाशी सदैव कोणीतरी जागा असतो. घरातील नंदादीपापाशी मात्र मध्यरात्रीनंतर बहुधा कोणीच नसते.

अखंडदीपाच्या रूढ संकल्पात अहोरात्र दीपाबरोबरच व्रतस्थाच्या एकाग्र चित्ताचाही उल्लेख आहे. त्याचा अर्थ केवळ भक्ती असा लावतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दिव्यावरील डोळाही त्यात आला.

खरा धोका आहे तो माळांचा. प्रतिदिनी घटावर एक माळ चढते. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत पहिली माळ वाळून कोळ झालेली असते. ज्योतीची उष्णता सरळ वर जाते, म्हणून दिवा बाजूला भासला तरी वर लोंबणारी माळ, फुलोरा, मखराचा कागद अथवा झिरमिळ्या तापतच असतात. घृतदीप देवीच्या उजवीकडे व तैलदीप डावीकडे हा संकेत अवश्य पाळावा. परंतु घटापासून हातभर अंतर सोडून आणि वर मोकळी जागा ठेवून. पडद्याजवळ, खिडकीच्या झुळुकीत किंवा स्वयंपाकाच्या गॅसशेजारी नंदादीप नको. समई लाकडी पाटावर न ठेवता पितळी परातीत ठेवावी, म्हणजे कलंडली तरी तेल परातीतच राहील. आणि उंदीर! तेलाने माखलेली पेटती वात तो ओढून नेतो, हे जुन्या वाड्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक होते. काचेची हंडी वरून उघडी असावी.

वात फार पुढे सारली की तेल अधिक चढते, पुरते जळत नाही आणि काजळी धरते. काजळी चिमट्याने काढावी, ती तेलात पडू देऊ नये. रात्री पाच वातींऐवजी एकच वात ठेवावी. तेल घालताना पदर खोचलेला असावा. धार ज्योतीवर नव्हे, कडेने सोडावी व काठोकाठ भरू नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. मोठे ताट पालथे घालावे, हवा तुटली की ज्वाला शमते. वीज गेल्यावर लावलेल्या मेणबत्तीसही हेच अंतर, हाच पहारा लागू आहे.

कीर्तनानंतर माताभगिनी हळूच विचारतात, “महाराज, दिवा शांत झाला तर?” त्या धास्तीने कित्येक घरी झोपताना समई तुडुंब भरली जाते, घराला कुलूप लावूनही दिवा तेवत ठेवला जातो. हे मला मान्य नाही. वाऱ्याने ज्योत गेली तर देवीचे नाव घेऊन पुन्हा लावावी. ज्यांना चुटपुट लागते त्यांनी जागेपणी शेजारी लहान उपदीप लावून त्यावरून ती उजळावी. गावी जायचे असेल, घरी केवळ तान्हे मूल वा अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील, तर नमस्कार करून दिवा आपल्या हाताने शांत करावा. कुळाचाराचा आग्रह असेल तर शेजाऱ्यास बसवावे.

दसऱ्याला घट उठल्यावर उरलेल्या वाती लगेच सुक्या निर्माल्यात टाकू नयेत. तेलकट वातीच्या टोकाशी निखारा धुमसत असू शकतो. त्या रात्रभर परातीतच राहू द्याव्यात.