सहा मिलिसेकंदांचा श्वास

समृद्धी महामार्गावर वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड किंवा शेलूबाजारजवळ चढलेली गाडी वेग घेताना तिचं इंजिन क्षणभर मिनिटाला 6000 फेऱ्यांवर जातं असं धरू. त्या क्षणी प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. एका वेळी तो उघडा राहतो जेमतेम सहा मिलिसेकंद. तेवढ्यात सिलिंडर हवेने भरायचा! आपली पापणी एकदा लवेपर्यंत हे निदान पाच वेळा होऊन गेलेलं असतं.

हे घडवतो कॅमशाफ्ट, म्हणजे अंड्याच्या आकाराचे लोब असलेला लोखंडी दांडा. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांत तो बरोबर एक फेरी घेतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा, कधी मिटवायचा, हे सगळं लोबच्या त्या वळणातच कोरलेलं असतं. मला याचं अप्रूप कधीच संपत नाही.

आता याच इंजिनावर सुपरचार्जर बसवला तर? साधं इंजिन हवा ओढून घेतं. सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्याच पट्ट्यावर फिरून ती आत कोंबतो. वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यात वैशाखातली तापलेली, विरळ हवा. तिथे ही कोंबणी चांगलीच जाणवते. मग वाटतं, शर्यतीच्या गाडीचा मोठा कॅमही घालावा, म्हणजे ताकद आणखी वाढेल. इथेच फसगत होते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेक उघडतो. काही अंश दोन्ही एकदमच उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात, आणि मोठ्या कॅममध्ये तो जास्त असतो. शर्यतीच्या साध्या इंजिनात तो उपयोगी पडतो, कारण बाहेर धावणारा धूर ताज्या हवेला मागोमाग ओढतो. सुपरचार्जर असताना मात्र घराचं पुढचं-मागचं दार एकदम उघडावं आणि वारा आरपार जावा, तसं होतं: दाबाने आलेली पेट्रोलमिश्रित हवा न जळताच सायलेन्सरकडे निघून जाते. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधला कोन, म्हणजे लोब सेपरेशन अँगल, इथे मोठा ठेवतात. साध्या इंजिनात तो बहुधा 106 ते 110 अंश असतो, सुपरचार्जरसाठी 112 ते 116. कोन वाढला की ओव्हरलॅप घटतो, इंजिन न्यूट्रलला शांत चालतं आणि ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो.

एक्झॉस्टची बाजू वेगळी. आत जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे बाहेर टाकायचा वायूही जास्त. आणि त्याला ढकलायला सुपरचार्जर नाही. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इनटेकपेक्षा थोडा जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम निवडतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचाही विचार हवा. 30 मिलिमीटर व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हवर 0.7 बार बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, मागून सुमारे पाच किलोचा रेटा देतो. स्प्रिंग नरम असेल तर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही.

कॅमचं माहेर फार लांब नाही. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही 1992 मध्ये सुरू झालेली कंपनी जगभरातल्या मोटार कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमची किमया अशी: ओतकामाच्या साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. तिथलं वितळलेलं लोखंड झपाट्याने गोठून अतिशय कठीण होतं, तर दांड्याचा गाभा सावकाश निवून मऊ राहतो. एकाच ओतीव तुकड्यात दोन स्वभाव!

रोज रस्त्यावर चालवायच्या सुपरचार्ज्ड गाडीला माझ्या मते सौम्य कॅमच घ्यावा; उरलेलं काम बूस्ट करतो. घेताना कॅम कार्ड, म्हणजे कॅमच्या मापांचा तक्ता, मागा आणि व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे 0.050 इंच लिफ्टवर मोजलेले अंशच एकमेकांशी ताडून पाहा, कारण जाहिरातीतला आकडा प्रत्येक जण आपल्या पद्धतीने मोजतो. इंजिनातला बदल नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत ठरू नये म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा आणि आरटीओत विचारून मगच हेड उघडा.