दंड भरला, पण नोंद राहिली
लष्करात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी जरूर वाचावे

खरिपाच्या बैठका घेत आम्ही विस्तार अधिकारी गावोगाव फिरतो, तेव्हा प्रश्न येतात ते बियाण्याचे, खताचे नि अनुदानाचे. पण आपल्या सातारा जिल्ह्यात बैठक संपून चहा आला, की मिलिटरीचा विषय हमखास निघतो. ही ओढ जुनी आहे. अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचाच चिकटला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली तीही साताऱ्यातच. पूर्वी पोरगा जवान म्हणून भरती झाला तरी घर धन्य व्हायचे. आता शेतकऱ्याचा पोरगा थेट अधिकारी व्हायचे म्हणतो, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुलींनाही प्रवेश मिळू लागल्याने पोरीही मागे नाहीत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण या वाटेवर एक अडचण अशी आहे, की तिच्याबद्दल चारचौघांत कोणी विचारत नाही. मागे एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक संपल्यावर एक शेतकरी मला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, पोरगं सीडीएसच्या लेखीत पास झालंय. पण दोन सालामागं जत्रंच्या रातीला पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी धरलं हुतं. कोर्टात दंड भरला, मिटलं. आता फारमात इचारत्यात. लिवायचं का गप बसायचं?" भावकीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला होता, की गप बसा, एवढं कोण बघतंय. मी म्हणालो, "आबा, लिहायचं. सगळं लिहायचं." त्याची कारणे सर्वांच्याच उपयोगाची आहेत, म्हणून हा लेख.

कमिशन म्हणजे काय?

आपल्याकडे कमिशन म्हटले की अडत्याची दलाली आठवते. लष्करातले कमिशन म्हणजे अधिकारीपदाची सनद. सेना अधिनियम १९५० नुसार ती राष्ट्रपती देतात. बारावीनंतर एनडीए आणि पदवीनंतर सीडीएस, या तिच्याकडे जाणाऱ्या मुख्य वाटा. लेखी परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. त्यानंतर पाच दिवसांची एसएसबी मुलाखत असते. एनडीएला लेखीचे गुण ९०० आणि एसएसबीचेही ९००. म्हणजे पुस्तकाला जेवढे वजन, तेवढेच माणसाला. पुढे वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते.

तीस-पस्तीस जवानांचा जीव ज्याच्या हुकमावर अवलंबून राहणार, त्याचा शब्द खरा असतो का आणि त्याचा स्वतःवर ताबा आहे का, हे सरकार पाहणारच. लष्करी कायदा याबाबत कडक आहे. सेना अधिनियमाच्या कलम ४८ नुसार अधिकारी कामावर असो वा नसो, नशेत आढळला तर कोर्टमार्शल होऊन त्याचे पद जाऊ शकते.

वाहतुकीचा कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १८५ सांगते, की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत. शिवाय न्यायालय वाहन परवान्यावरही बंदी आणू शकते. आणि बरे का, ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे. उसाची ट्रॉली ओढणाऱ्याला वेगळा कायदा नाही.

मुलगा अठराच्या आतला असेल आणि त्याच्या हाती गाडी दिली असेल, तर कलम १९९-अ पालकावर किंवा गाडीमालकावर येते. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. बालन्याय अधिनियम २०१५ चे कलम २४ अज्ञान मुलाच्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, हे खरे. पण बापाच्या मागे लागलेली केस त्याने सुटत नाही.

दंड भरला म्हणजे मिटले का?

सर्वांत मोठा गैरसमज हाच. हेल्मेट नसल्याची पावती जागेवर फाटते आणि विषय संपतो. कलम १८५ चे प्रकरण मात्र तडजोडीने जागेवर मिटत नाही, ते न्यायालयात जाते. तिथे 'गुन्हा कबूल' म्हणून दंड भरला, की न्यायालयाने तुम्हाला दोषी ठरवले अशी नोंद होते. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा कर्ज फेडून फेरफार केला की कमी होतो. इथे दंड भरल्याने बोजा कमी होत नाही, उलट तिथेच त्याची नोंद पक्की होते.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी जो साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात प्रश्न नेमके असतात. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला चालला आहे का? न्यायालयाने दंड केला आहे का? दोषी ठरवले आहे का? सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का? 'दंड' हा वेगळा प्रश्न आहे, हे ध्यानात घ्या. "मला शिक्षा कुठं झाली, नुसता दंडच झाला" ही पळवाट तिथे चालत नाही. खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल, असा इशाराही नमुन्याच्या सुरुवातीलाच छापलेला असतो.

लपवले तर आणि सांगितले तर

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दिला. त्यातली सूत्रे सरकारी नोकरीत सर्वत्र पाहिली जातात. थोडक्यात ती अशी. अटक, खटला, शिक्षा, सुटका किंवा प्रलंबित प्रकरण, काहीही असो, माहिती खरीच दिली पाहिजे. ती दडवली तर निवड रद्द होऊ शकते, नोकरीला लागल्यानंतरही काढता येते. तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याची माहिती राहून गेली असेल, तर सरकार आपल्या अधिकारात तिकडे दुर्लक्ष करू शकते. आणि चौथे सूत्र नीट वाचा : उमेदवाराने सगळे खरे सांगितले तरी त्याची पूर्वपीठिका तपासण्याचा हक्क सरकारकडे राहतो, नेमणूक द्याच असे कोणी म्हणू शकत नाही.

म्हणजे खरे सांगितले की निवड नक्की, असा शब्द मी कोणाला देणार नाही. पण हिशेब सरळ आहे. खरे सांगितले तर तपासणारा अधिकारी पाहतो की वय काय होते, कोणाला इजा झाली का, एकदाच घडले की पुन्हा, आणि त्यानंतर पोरगा कसा वागला. तिथे बोलायला जागा आहे. दडवले, तर जत्रेतल्या एका रात्रीचा गुन्हा बाजूला राहतो आणि सरकारला खोटे सांगितल्याचा नवा डाग लागतो. तो धुता येत नाही, कारण तो वीस वर्षांच्या पोराने नशेत केलेला नसतो, शुद्धीत पेन हातात धरून केलेला असतो. जवान किंवा अग्निवीर म्हणून जाणाऱ्यांनी तर सेना अधिनियमाचे कलम ४४ लक्षात ठेवावे. भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. सोयाबीन बियाण्याची उगवण ७० टक्के हवी. घरच्या बियाण्याची उगवण ६५ टक्के निघाली आणि ते आधी कळले, तर एकरी बियाणे थोडे वाढवून पेरता येते, रान साधते. तेच दडवून विकले तर पेर फसते आणि विकणाऱ्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. कमी उगवणीवर इलाज असतो, खोट्या लेबलवर नसतो.

आता करायचे काय?

१) प्रकरण चालू असेल तर एकही तारीख चुकवू नका, वॉरंट निघेल. 'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी वकिलाला विचारा. पात्र व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो.

२) प्रकरण संपले असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल आणि दंडाची पावती काढून जपून ठेवा.

३) फॉर्ममधला प्रश्न दोनदा वाचा. विचारले तेवढे, पण पूर्ण लिहा : तारीख, कलम, न्यायालय, निकाल. चार ओळी पुरेत. मित्रांनी पाजली, पोलिसांनी मुद्दाम धरले, असे रडगाणे नको.

४) फॉर्म दिल्यानंतर काही घडले तर तेही लेखी कळवा.

५) मुलाखतीत विषय निघाला तर नजर चुकवू नका. काय घडले आणि त्यानंतर काय बदलले, ते सांगा. बदलले मात्र खरोखर पाहिजे.

६) "रेकॉर्ड साफ करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. पैसे जातील आणि दुसरा गुन्हा अंगावर येईल.

७) मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एनडीएच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला सेवा तयारी संस्था १९७७ पासून चालू आहे.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी यांनाही दोन शब्द. पोरगा आपल्या गावचा आहे, त्याचे भले व्हावे, ही भावना योग्यच. पण माहीत असूनही 'यांच्यावर कोणताही गुन्हा नाही' असा दाखला दिलात तर त्याचे भले होत नाही. पोलीस ठाण्याचा अहवाल वेगळा आला की दाखला खोटा पडतो, पोरगाही अडचणीत आणि सही करणाराही. त्यापेक्षा खरे तेच लिहा. तो त्यानंतर नीट वागला असेल, गावाच्या कामाला पुढे आला असेल, तर तेही लिहा. असा दाखला जास्त वजनाचा असतो.

त्या आबांच्या पोराने फॉर्ममध्ये सगळे लिहिले, निकालाची नक्कल जोडली. त्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो काहीही लागला तरी उद्या कोणी दार वाजवून जुना कागद दाखवील, ही धास्ती त्या घराला राहिलेली नाही.

बाकीच्यांसाठी उपाय याहून सोपा आहे. जत्रा, वरात, थर्टी फर्स्ट दर साली येणारच. पिणाऱ्याच्या हातून किल्ली काढून घेणारा एक तरी शहाणा प्रत्येक टोळक्यात असावा. एका रात्रीचे जीपभाडे फार तर हजार-दोन हजार होईल. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला ते स्वस्तच पडेल.