अपत्य हेंच विवाहाचें प्रयोजन काय?

नव्या सुनेनें वांकून नमस्कार केला कीं, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपोआप निघतो. थळ, किहीम, चौल येथील नारळी-पोफळींच्या वाड्यांतून काय, किंवा मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतून काय, हा आशीर्वाद ज्या घरानें ऐकला नाहीं असें घर विरळाच. परंतु आठ पुत्र हवेत कीं नकोत, हें त्या सुनेस विचारण्याची चाल मात्र कोठेंच नव्हती.

न विचारण्याची किंमत काय पडे, हें दूर जाऊन पाहावयास नको. थळच्या शेजारच्या अलिबागेस ज्यांचें कांहीं काळ वास्तव्य झालें, त्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं माता झाल्या. योग्य वैद्यकीय मदतीच्या अभावीं तें मूल अवघे दहा दिवस जगलें. त्या दुःखांतूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला आणि १८८६ सालीं अमेरिकेंत त्या डॉक्टर झाल्या. ज्यांच्या नांवाचा बोभाटा झाला नाहीं अशा माता किती, याची गणती कोणी ठेवली?

हा प्रश्न केवळ आपल्याच समाजाचा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ख्रिस्ती जगांतही यावरून मोठा विचारकलह झाला. त्या धर्माच्या मूळ ग्रंथांतच दोन प्रवाह आहेत. सृष्ट्युत्पत्तीच्या कथेंत आद्य दांपत्यास वंशवृद्धीचा आशीर्वाद मिळतो; आणि पुढें आज्ञाभंगामुळें प्रसूतीच्या वेदना स्त्रीच्या वांट्यास येतात. उलट संत पौल अविवाहित राहणें श्रेयस्कर मानतो. आणि विवाहितांस सांगतो कीं, पत्नीच्या देहावर जसा पतीचा अधिकार, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा. आपल्याकडे पुत्राशिवाय पितृऋण फिटत नाहीं. तेथें मात्र अपत्यहीन संन्यासिनीही पूज्य ठरली. तरी विवाहांतील देहसंबंध अपत्यासाठींच निर्दोष, हें संत ऑगस्टीनचें मत शतकानुशतकें प्रबळ राहिलें.

या मताशीं महाराष्ट्राची गांठ पडली ती मुंबईंत. महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं स्थापिलेली ही संस्था; कोंकणांतील कित्येक घरांतील मुलगे तेथें शिकून शहाणे झाले. कर्व्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२३ सालीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें. ख्रिस्ती चालकांस हा प्रचार मानवला नाहीं. प्रचार कीं नोकरी, असा पेंच पडतांच १९२५ सालीं कर्व्यांनीं नोकरी सोडली. पुढें जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें चालविलें. पत्नी मालतीबाईंनीं त्यांस साथ दिली. मूल होऊं द्यावयाचें नाहीं, असा उभयतांचा निर्णय होता.

परंतु यावरून मिशनऱ्यांसच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. १९३१ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो पुण्याच्या सनातन्यांच्या तक्रारीवरून. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाहीं. महात्मा गांधींनींही कृत्रिम साधनांस विरोध करून ब्रह्मचर्याचाच मार्ग सांगितला. पाद्री, शास्त्री आणि महात्मा या एका बाबतींत किती जवळ आले होते!

इकडे ख्रिस्ती धर्मांत मात्र वाटा फुटल्या. इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनीं लँबेथ येथील १९२० च्या परिषदेंत संततिनियमनाचा निषेध केला होता. त्याच परिषदेनें १९३० सालीं, नैतिक व सबळ कारण असल्यास, त्यास मुभा दिली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं रोमचे पोप अकरावे पायस यांनीं कृत्रिम उपायांस पाप ठरविलें. १९६८ सालीं सहावे पॉल यांनीं तोच निर्णय कायम केला. मात्र निसर्गतः गर्भधारणा न होणारे दिवस पाहून वागण्यास त्यांनीं हरकत घेतली नाहीं. या निर्णयांत एक विशेष दिसून येईल. बिशप काय, पोप काय, सारे पुरुषच. आणि ज्यांस गर्भ वाहावयाचा, त्यांस मत नव्हतें.

ख्रिस्ती विचाराची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर पंडिता रमाबाईंकडे वळावें. शास्त्रीबोवांच्या घरीं संस्कृत शिकलेल्या या विदुषीनें १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें धर्मांतर अनेकांस रुचलें नाहीं, आजही रुचत नसेल. परंतु पती नसलेली, पुत्र नसलेली स्त्रीही मोलाची आहे, हें त्यांनीं केडगांवच्या 'मुक्ति'सदनांत शेंकडों निराश्रितांस शिकवून, कामाला लावून, कृतीनें दाखविलें. वंध्येस व विधवेस मंगल कार्यांतून दूर ठेवणाऱ्या आपल्या घरांनीं या एका गोष्टीपुरता तरी विचार करावा.

आज काळ बदलला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सरासरी दर स्त्रीस दोन अपत्यांहूनही कमी, म्हणजे १.७ इतकी आली. अष्टपुत्रांचा आशीर्वाद केवळ शब्दापुरता उरला. तथापि प्रश्न संपला नाहीं. लग्नास वर्ष होतांच 'गोड बातमी केव्हां?' म्हणून विचारणा सुरू होते. दोष कोणाचाही असो, औषधोपचार प्रथम सुनेचे होतात. आणि मूल नको झालें तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर बहुतेक तिलाच जावें लागतें. पुरुषनसबंदी आजही अगदीं विरळ आहे. संख्या घटली, भार मात्र ज्याचा त्याच खांद्यावर राहिला.

अपत्य ही दैवी देणगी असें ज्यांस वाटतें, त्यांच्या श्रद्धेस कोणी कां दुखवावें? परंतु देणगी ही लादावयाची वस्तु नव्हे. पौलाच्या उपदेशांतील परस्पर अधिकाराचें वचन पोपांनीं कमी आठवलें, आणि आपण तर तें ऐकलेंच नव्हतें. पति-पत्नींनीं एकमेकांस विचारून ठरवावें, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्यांच्या ठरावाचा मान राखावा, एवढें पत्करण्यास धर्म बदलावा लागत नाहीं. पुढें सून नमस्कारास वांकेल तेव्हां आशीर्वाद अवश्य द्यावा; पण तो तिच्या आरोग्याचा व सुखाचा असावा. मुलांची संख्या तिची ती पाहून घेईल.