यॉट, सागरभ्रमणाची
सागरभ्रमणाची यॉट : मुख्यतः वाऱ्याच्या बळावर चालणारी आणि मोजक्या माणसांना आतच राहून दीर्घ सागरप्रवास करता येईल अशा रीतीने बांधलेली नौका. ‘यॉट’ हा शब्द ‘पाठलाग करणे’ या अर्थाच्या डच शब्दावरून आला असून प्रारंभी तो वेगवान, हलक्या नौकांना लावीत. शर्यतीच्या यॉटमध्ये वेगाला अग्रक्रम असतो. सागरभ्रमणाच्या यॉटमध्ये मात्र सुरक्षितता, साठवणक्षमता व थोड्या माणसांकडून होणारी हाताळणी यांना महत्त्व असते. हे गुण काही अंशी परस्परविरोधी असल्यामुळे तिचा आराखडा ही एक तडजोडच असते.

काया व पठाण : नौकेचे पाण्यात तरंगणारे बाह्य कवच म्हणजे काया व तिच्या तळाचा कणा म्हणजे पठाण. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा वेग तिने निर्माण केलेल्या लाटांमुळे मर्यादित होतो व ही मर्यादा जलरेषेवरील लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जलरेषेवर ९ मी. लांब असलेल्या नौकेच्या बाबतीत ती ताशी सु. ७.३ सागरी मैल (सु. १३.५ किमी.) येते. पठाणामुळे नौका वाऱ्याने बाजूला सरकत नाही. तसेच त्यात शिसे किंवा बीड यांचा भार असल्यामुळे ती उभी राहते. हा भार बहुधा नौकेच्या एकूण वजनाच्या ३० ते ४५ टक्के असतो. लांब पठाणाची नौका दिशा सोडत नाही व तिचे सुकाणू सुरक्षित राहते. परंतु ती सावकाश वळते. आखूड व खोल पठाणाची नौका चपळ असते व वाऱ्याच्या रोखाने अधिक जवळून जाते. मात्र तिच्या सुट्या सुकाणूला आघाताचा धोका अधिक असतो.

स्थैर्य : नौका कलंडली की तिच्यावरील उत्प्लावक बल कललेल्या बाजूकडे सरकते व खाली असलेले वजन तिला पुन्हा सरळ करते. रुंद काया लहान कोनात कमी कलते, म्हणून ती प्रवाशांना सुखकर वाटते. परंतु पूर्ण उलटल्यावर तीच रुंदी तिला पालथ्या स्थितीत स्थिर ठेवते. ज्या कोनापलीकडे नौका स्वतःहून सरळ होत नाही, तो कोन आराखड्यात निर्णायक ठरतो. महासागरी वापराच्या एककाय नौकांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो वजनानुसार ठरतो व १००° पेक्षा कमी चालत नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत दिसून आले. आयर्लंड व इंग्लंड यांमधील समुद्रात वादळात सापडलेल्या ३०३ नौकांपैकी अनेक उलटल्या आणि १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्यांपैकी १९ नंतर तरंगत असलेल्या सापडल्या. नौका प्रत्यक्ष बुडू लागेपर्यंत तीच सर्वांत सुरक्षित आसरा होय, हा धडा त्यातून मिळाला. नंतरच्या प्रतिकृति-प्रयोगांत असे आढळले की, नौकेच्या लांबीच्या सु. ६० टक्के उंचीची फुटती लाट बाजूने आदळल्यास ती नौकेला पूर्ण उलटवू शकते. डोलकाठीच्या जडत्वामुळे या उलटण्यास विरोध होतो. म्हणून डोलकाठी मोडलेली नौका अधिक सहज उलटते.

शिडे व सुकाणू : एक डोलकाठी व दोन शिडे असलेली रचना हाताळण्यास सोपी असते. दोन डोलकाठ्यांच्या रचनेत प्रत्येक शीड लहान असल्यामुळे ते एकट्याला आवरता येते. वारा वाढताच शिडाचे क्षेत्र कमी करावे लागते. त्यासाठी पुढचे शीड गुंडाळण्याची सोय असते व वादळासाठी जाड कापडाची लहान शिडे बरोबर ठेवतात. सतत सुकाणू धरणे थोड्या माणसांना अशक्य असते. वाऱ्याच्या दिशेनुसार फिरणाऱ्या पंख्याने सुकाणू चालविणारे साधन ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६० च्या एकहाती अटलांटिक शर्यतीत यशस्वीपणे वापरले.

अंतर्गत रचना : कललेल्या नौकेत माणूस पडू नये म्हणून बिछान्यांना कापडी आडोसे व जागोजागी हाताला आधार असतात. शेगडी आडव्या आसावर झुलती बसवितात, म्हणजे भांडे सपाट राहते. गळलेला स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर बाहेर निचरा होणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात. पाण्याच्या टाक्या स्थैर्यासाठी शक्य तितक्या खाली असतात. सुकाणूजवळील बैठकीच्या खोलगट जागेत शिरलेली लाट आपोआप बाहेर पडावी व आत जाण्याचे दार फळ्यांनी बंद करता यावे, अशी योजना असते.

भारताशी संबंध : ‘सुहेली’ ही सु. ९.८ मी. लांबीची, लांब पठाणाची सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधली गेली. तिचा आराखडा नॉर्वेतील बचावनौकांच्या धर्तीवरचा होता. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जून १९६८ ते एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत जगातील पहिली विनाथांबा एकहाती पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत सुकाणू-साधन मोडल्यावरही शिडांचा तोल साधून त्यांनी नौका मार्गावर ठेवली. भारतीय नौसेनेची सु. १७ मी. लांबीची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली असून तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकहाती व अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये विनाथांबा एकहाती प्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ मधून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७–१८ मध्ये हाच प्रवास २५४ दिवसांत पूर्ण केला.

आता काया बहुधा काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकची, डोलकाठी ॲल्युमिनियमची व मार्गनिर्देशन उपग्रहाधारित असते. तथापि वादळात उलटलेल्या नौकेला पुन्हा सरळ करणारे साधन म्हणजे तिचा आकार व तळाशी घातलेला भार हेच होय.