आजोबांचा तिकीट नंबर

गिरणी कामगाराच्या वारसाला मुंबईतल्या घरासाठी अर्ज करायचा असला, तर आपला माणूस १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता हे दाखवावं लागे. त्यासाठी ओळखपत्र, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती, लाल पास असं काहीतरी हाती असावं लागे. या कागदांपायी लालबाग-परळपासून संगमेश्वर, पाटण, आजऱ्यापर्यंत कितीतरी घरांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. आमच्याही घरात उघडली गेली. तीत आजोबांचं तिकीट होतं. त्यावर खातं लिहिलं होतं: वीणकाम.

आमच्या पिढीला आजोबा भेटले ते काम सुटल्यावर. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नाही. हजारोंना परत कामावर घेतलं गेलं नाही. त्यामुळे ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या नातवंडांच्या आठवणीतला म्हातारा गॅलरीत बसलेला असतो, गावी आंब्याच्या कलमांना पाणी घालत असतो, नाहीतर दुपारी पेपर वाचत असतो. तीस-पस्तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस या आठवणींत नसतो. घराण्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने आधी हा माणूस शोधावा, असं मला वाटतं.

आजोबा घरात तापट म्हणून ओळखले जायचे. साधं पाणी मागायचं तरी ओरडून मागत. आपण बोलायला लागलो की डोळ्यांत न बघता ओठांकडे बघत. उत्तर द्यायला वेळ लावत, आणि आजी शेजारून म्हणायची, “अरे, मोठ्यानं बोल, त्यांच्या तोंडासमोर येऊन बोल.” याचा उलगडा साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या वीणकामाच्या खात्यात होतो. शेकडो माग एका छपराखाली, प्रत्येकात धोटा सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत जाणारा. तिथे शेजारच्या मागावरच्या माणसाचं बोलणं कानाने ऐकू येत नसे. ते ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून ओळखायचं. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. आयुष्यभर अशा खात्यात काढल्यावर कान जातात आणि आवाज चढलेलाच राहतो. गिरणीत मिळालेला बहिरेपणा आम्ही स्वभावाच्या खात्यावर मांडत आलो. कापसाच्या बाजूला, म्हणजे ब्लोरूम-कार्डिंगमध्ये, असलेल्यांची गत वेगळी. तिथली धूळ छातीत बसायची, आणि सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळून यायची. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. ज्यांच्या घरी ‘आजोबांना दमा होता’ एवढंच सांगितलं जातं, त्यांनी आजोबांचं खातं कुठलं होतं ते जरूर विचारावं.

वीणकाम या एका शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि ती आमच्यासारख्या घरांनी स्वतःहून सांगायला हवी. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचं. सुताला तोंड लागतं म्हणून दलित कामगारांना या खात्यात घेत नसत. त्यांना साचेखात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर काम मिळे. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी कामगार नेत्यांसमोर लावून धरली. विटाळ मात्र लगेच सुटला नाही. आजोबा कसबी होते, यात शंका नाही. पण मागापर्यंत पोचायची वाट त्यांना खुली होती आणि ते राहत त्याच बीडीडी चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या आजोबांना ती बंद होती. आजोबांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच ही नोंद त्यांच्या नावाशेजारी राहावी असं वाटतं.

नोकरी लागायची ती ओळखीने. गावचा कुणी आधी लागलेला असे, तो जॉबरला, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाला सांगे, मग बदलीवर नाव लागे. बदली कामगाराने पाळीच्या वेळी दरवाज्यावर हजर राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. राहायला गावकीची खोली. बीडीडीची खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी माणसं, जेवण खानावळवालीकडे. हे सारं मला घरच्यांनी सांगितलं नाही. गावाच्या मंडळात उरलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. आजोबा दारू प्यायचे का, सभेला जायचे का, कुणाकडून उसने घ्यायचे, हे मुलांपेक्षा खोलीतल्या भिडूंना जास्त ठाऊक. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्याच तोंडून शतकाचा इतिहास उभा केला. घरगुती इतिहासालाही तीच रीत लागू पडते.

एक बाजू मात्र ट्रंकेत सापडत नाही. गिरणीचे कागद कामगाराचे, म्हणून वारसाचा अर्जही त्याच्या नावाभोवती फिरला. आजोबा मुंबईत असताना गावची भातशेती आजीने केली, सासूसासरे सांभाळले, मनीऑर्डर आली की आधी वाण्याचं फेडलं. संपात मनीऑर्डर थांबली आणि वारा उलटा वाहू लागला. तांदूळ, कुळीथ, नाचणी गावाहून मुंबईला जाऊ लागली. संप एवढा लांबला त्यात या धान्याचाही हात होता. आजीच्या कामाचं तिकीट नव्हतं, हजेरी नव्हती, फंड नव्हता. त्या वर्षी कुठली खाचरं लावली, कुठली गहाण टाकली, बैल कधी विकला, हे आता फक्त थोरल्या आत्याला सांगता येतं. तिचं वय झालंय. भातकापणी आटोपली की तिच्याकडे जाऊन बसायचं ठरलंय, सातबारा सोबत घेऊन.